लाखर झेच्या शेजारी दोन दिवस प्रस्तरारोहण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मनीतल्या आयफेल भागात, ऱ्हाइन नदीच्या पश्चिमेला, लाखर झे हे ज्वालामुखीतून तयार झालेलं सरोवर आहे. तिथून गाडीने दहा-पंधरा मिनिटांवर एट्रिंगन गावाजवळ बेसॉल्टच्या जुन्या खाणी आहेत आणि त्यांच्या भिंतींवर चढाई चालते. फ्रँकफर्ट, कोलोन, ड्युसेलडॉर्फ इथली मराठी मंडळी सुट्टीत जायचं ठरवतात, तेव्हा जे प्रश्न हमखास येतात त्यांची उत्तरं इथे आहेत.

चढाई सरोवराच्या काठावरच आहे का?

नाही, आणि बेत आखताना पहिला घोळ इथेच होतो. सरोवराभोवती जंगलाने झाकलेले उतार आहेत, चढण्याजोगा कातळ नाही. शिवाय तो संरक्षित निसर्गप्रदेश आहे. चढाईची जागा एट्रिंगर लाय, म्हणजे एट्रिंगनची खाण. सकाळ-दुपार खाणीत आणि संध्याकाळ सरोवरावर, असा दिवस नीट बसतो.

सरोवर खरंच ज्वालामुखीचं आहे? आता काही धोका?

सुमारे १३,००० वर्षांपूर्वी इथे प्रचंड उद्रेक झाला. त्याची राख उत्तरेला स्वीडनपर्यंत आणि दक्षिणेला उत्तर इटलीपर्यंत सापडते. आतला शिलारस बाहेर पडल्यावर वरचं छत खचलं आणि त्या खड्ड्यात पाणी साठलं. आजचं सरोवर ३.३ चौरस किलोमीटरचं आणि सुमारे ५० मीटर खोल आहे. त्याला नैसर्गिक निचरा नाही. पुराचं पाणी काठावरच्या मठात शिरू नये म्हणून बाराव्या शतकात तिथल्या साधूंनी डोंगरातून बोगदा खणून पाणी बाहेर काढलं.

पूर्वेकडच्या काठाजवळ पाण्यातून बुडबुडे येताना दिसतात. तो कार्बन डायऑक्साइड आहे, खाली अजून धग असल्याची खूण. मोकळ्या हवेत तो विरून जातो, त्यामुळे काठावरून चालायला हरकत नाही.

चढायचा कातळ मात्र या उद्रेकातला नाही. तो शेजारच्या बेलरबर्ग ज्वालामुखीच्या लाव्हाचा, सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीचा. आपल्या दख्खनच्या कातळाला साडेसहा कोटी वर्षं झाली, त्या हिशेबाने हा अगदी कोवळा म्हणायचा.

सह्याद्रीत चढलो आहोत. बेसॉल्ट तर तोच, मग वेगळं काय?

नाव एक, वागणूक वेगळी. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. आडवे टप्पे, मध्ये गवत, घसारा, आणि पावसाने कुजवलेले पापुद्रे. एट्रिंगनमध्ये एकच जाड प्रवाह थंड होताना आकसला आणि उभ्या खांबांमध्ये तडकला. खाणकामगारांनी ते खांब एकेक करून सोडवले आणि मागे राहिल्या त्या उभ्या, सरळ कडांच्या भिंती. त्यांत भेगा, पुस्तक उघडल्यासारखे कोपरे, खांबांच्या धारदार कडा आणि चिमण्या, म्हणजे अख्खं अंग आत मावेल अशा रुंद फटी, आहेत. पकड शोधायची ती दोन खांबांच्या मधल्या फटीत.

दगड हातात घेऊन पाहा. करडा, आणि बारीक छिद्रांनी भरलेला. हा दगड जात्यासाठी हजारो वर्षं काढला गेला. रोमन काळात इथली जाती पार ब्रिटनपर्यंत जात. कारण या छिद्रांतच आहे. जातं झिजलं की जुनं छिद्र पुसतं, पण खालचं नवं उघडतं आणि त्याची कड धारदार असते. आपल्याकडे टाकी लावून जातं परत खरखरीत करावं लागतं, इथे दगड बऱ्याच अंशी ते काम स्वतःच करतो. चढणाऱ्यासाठी याचे दोन अर्थ: बूट छान धरतो, आणि हाताची साल निघते.

जायला चांगला काळ कोणता?

एप्रिलची अखेर ते ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये उन्हातल्या भिंती दुपारी तापतात. तेव्हा सकाळी ऊन येणाऱ्या भिंती दुपारसाठी राखून ठेवा. पाऊस थांबला की उघड्या भिंती लवकर सुकतात, पण कोपरे आणि खोल भेगा दुसऱ्या दिवशीही झिरपत राहतात. वरून कोरडी दिसणारी भेग आत ओली असते, त्यामुळे चढण्याआधी हात आत घालून पाहावा.

गाडी नसेल तर?

रेल्वेने जमतं. आंडरनाखहून मायनकडे जाणारी लोकल मेंडिग आणि कोटनहाइम इथे थांबते. कोटनहाइमहून खाणीपर्यंत पाठीवर सामान घेऊन साधारण पाऊण तास चाल आहे. देशभर चालणारं महिन्याचं तिकीट या गाडीला चालतं. सरोवर आणि खाण यांच्यामध्ये मात्र रविवारी बसवर विसंबू नका. चौघांत एक गाडी असली तर दोन दिवस सुखाचे जातात. गाडीने येणाऱ्यांनी ए-६१ महामार्गावर मेंडिगला बाहेर पडायचं. कोलोनहून तासभर, फ्रँकफर्टहून दीड तास.

आम्ही आतापर्यंत फक्त हॉलमधल्या कृत्रिम भिंतींवर चढलो आहोत. जमेल का?

गटात एक तरी माणूस असा हवा, ज्याला भेगेत स्वतः नट (धातूची पाचर) आणि कॅम (भेगेत उघडून घट्ट बसणारं पाकळ्यांचं साधन) लावून पुढे चढता येतं आणि दुसऱ्याने लावलेलं तपासता येतं. तो असेल तर बाकीचे वरून दोर घेऊन चढू शकतात आणि भरपूर शिकू शकतात. तो नसेल तर बोल्ट (कातळात कायमचे बसवलेले खिळे) असलेल्या भिंतींपुरतंच राहा, किंवा प्रशिक्षक घ्या. इथल्या पुष्कळ भेगांत बोल्ट मुद्दाम ठोकलेले नाहीत, कारण तिथे स्वतःचं साहित्य बसतं. बोल्टच्या वाटांवरही दोन बोल्टमधलं अंतर हॉलपेक्षा जास्त असतं.

हॉलमध्ये काठिण्याची सातवी श्रेणी सहज चढणारा माणूस इथे पाचव्या श्रेणीच्या भेगेत अडकतो, हे अगदी नेहमीचं आहे. ताकद कमी पडत नाही, तंत्र माहीत नसतं. म्हणून पहिल्या दिवशी श्रेणीकडे लक्षच देऊ नका. एकच सोपी भेग निवडा आणि प्रत्येकाने ती तीन-तीनदा चढा. दोन दिवसांत दहा वाटा उरकण्यापेक्षा यातून हातात जास्त येतं.

इथली श्रेणी कशी वाचायची?

जर्मनीत यूआयएए, म्हणजे आंतरराष्ट्रीय गिर्यारोहण संघटनेची, पद्धत चालते. ढोबळ ताळा असा: यूआयएए ६ म्हणजे फ्रेंच ५सी, ७ म्हणजे ६बी, ८ म्हणजे ७ए. हा ताळा भिंतीवरच्या वाटांसाठी ठीक आहे. भेगांसाठी पहिल्या दिवशी मनातल्या मनात दोन श्रेणी वाढवून धरा.

पाच-सहा जणांसाठी काय काय न्यायचं?

६० मीटरचे दोन दोर, ९.५ ते ९.८ मिलिमीटर जाडीचे. बहुतेक वाटांना ही लांबी पुरते, तरी दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ हवीच. बारा क्विकड्रॉ (बोल्टला किंवा नट-कॅमला दोर अडकवायच्या जोडकड्या), त्यांतले चार लांब करता येणारे. १२० सेंटिमीटरच्या चार स्लिंग (शिवलेल्या पट्ट्यांचे वेढे), लॉक होणारे आठ कॅराबिनर (उघडझाप होणाऱ्या धातूच्या कड्या), अडकलेले नट काढायला प्रत्येक जोडीकडे एक नट-की. नटचा एक पूर्ण संच. कॅम बोटाच्या जाडीपासून मुठीपर्यंत, म्हणजे साधारण २० ते ८५ मिलिमीटरच्या भेगा झाकतील असे, आणि हात मावेल त्या मापाचे, ४० ते ६५ मिलिमीटरचे, दोन-दोन. इथे सगळ्यात आधी संपतात ते हेच.

बूट सपाट आणि थोडे सैल घ्या. पुढून वाकलेले घट्ट बूट भेगेत पिळले की पायाची बोटं चेंगरतात. घोट्यावरून जाणारी जाड पँट घाला, अर्ध्या पँटीत चढलात तर घोटे आणि नडग्या सोलून निघतात. अंगठ्या हॉटेलवरच काढून ठेवा. भेगेत बोट अडकून पाय सुटला तर अंगठीमुळे बोटाची कातडी सोलली जाते, कधी बोटच जातं.

भेगेत हात अडकवायचा म्हणजे नक्की काय करायचं?

सगळ्यात आधी जमिनीवर उभं राहून करा. छातीच्या उंचीवर, हात मावेल अशी भेग शोधा.

हात सरळ, बोटं जुळवलेली, अंगठा वर, असा मनगटापर्यंत आत घाला. आत फिरवून पाहा. कुठेतरी भेग किंचित अरुंद झालेली सापडेल. हात त्या अरुंद जागेच्या लगेच वर ठेवा. आता अंगठा तळव्यात, करंगळीच्या मुळाकडे दाबा. अंगठ्याच्या मुळाचा गादीसारखा भाग फुगतो आणि एका भिंतीला टेकतो. त्याच वेळी बोटांच्या मधल्या पेरांत वाक देऊन बोटांची टोकं त्याच भिंतीवर आणि पंजाची पाठ समोरच्या भिंतीवर दाबा. हात पाचरीसारखा बसतो. नीट बसला असेल तर कोपर सरळ करून, बोटांनी काहीही न पकडता, लोंबकळता येतं. दंड फुगायला लागला तर हात बसलेला नाही, तुम्ही नुसतं ओढताय.

लोक चुकतात ते मुख्यतः तीन ठिकाणी. एक, हात पुरेसा आत घालत नाहीत. दोन, बसवलेला हात चढताना वळवतात. कातडी दगडावर फिरली की साल जाते, म्हणून मनगट वळू द्या, पंजा नाही. तीन, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, पाय विसरतात. पाऊल आडवं करून, करंगळीची बाजू खाली, असं भेगेत घाला. मग गुडघा भेगेच्या रेषेत वर आणा. पाऊल आपोआप पिळलं जातं आणि पायरी तयार होते. त्यावर उभं राहा. भेगेतली चढाई पायांनी उभं राहण्याची आहे, हात फक्त मागे पडू देत नाहीत.

हाताला मोठी आणि मुठीला लहान अशी भेग सगळ्यांनाच छळते. अशा जागी शेजारच्या खांबाची धार पायाला मिळते का ते आधी पाहा.

टेप लावावी का?

पहिल्यांदा येणाऱ्यांनी नक्की. सुमारे चार सेंटिमीटर रुंदीची, न ताणणारी चिकटपट्टी घ्या, प्रत्येकी एक रीळ. पंजाच्या पाठीवर, बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत, एकमेकींवर अर्ध्या येतील अशा तीन-चार पट्ट्या. मग बोटांच्या मधून जाणाऱ्या अरुंद पट्ट्या, आणि शेवटी मनगटाला एक वेढा. लावताना मूठ वळून ठेवा. पंजा उघडा ठेवून लावली तर मूठ वळताच रक्त थांबतं आणि अर्ध्या तासात बोटं बधिर होतात. तळवा मोकळा राहिला पाहिजे. संध्याकाळी तळव्याच्या बाजूने कापून काढा, दुसऱ्या दिवशी तीच मोज्यासारखी परत चढते.

नट आणि कॅम लावताना इथे काय चुकतं?

खांबांमधल्या भेगा पुष्कळदा दोन्ही बाजूंनी समांतर असतात. समांतर भेगेत नट टिकत नाही, त्याला खाली निमुळती होणारी जागा लागते. अशी जागा दिसली तर तिथे नटच लावा, खाली झटका देऊन बसवा. बाकी ठिकाणी कॅम.

कॅम लावताना त्याच्या पाकळ्या निम्म्याहून अधिक मिटलेल्या हव्यात. पूर्ण उघड्या पाकळ्यांचा कॅम सुटतो, पूर्ण मिटलेला अडकून बसतो आणि तिथेच सोडावा लागतो. चारही पाकळ्या दगडाला टेकल्या आहेत का ते डोकं वाकवून बघा, एक जरी हवेत असेल तर काढून परत लावा. दांडा पडण्याच्या दिशेला, म्हणजे खाली. भेगेच्या अगदी तोंडाशी लावू नका, कड तुटते. छिद्रं मोठी असतील तिथे पाकळीखालची पातळ भिंत चुरडते आणि कॅम घसरतो, म्हणून घट्ट, बारीक छिद्रांचा पट्टा शोधा. कधीकधी दोन बोटं वरखाली सरकल्यावर तो मिळतो.

लावण्याआधी शेजारचा खांब मुठीने ठोका. टणक आवाज आला तर ठीक. मडक्यासारखा पोकळ आवाज आला तर तो खांब मागून सुटलेला आहे. कॅम भेगेला बाहेर ढकलतो, आणि तुम्ही पडलात तर तो ढकलण्याचा जोर पडण्याच्या झटक्यापेक्षाही मोठा असतो. सुटा खांब त्याने उघडतो.

आणखी एक चूक जमिनीवरून होते. बिले देणारा, म्हणजे खालून दोर सांभाळणारा, भिंतीपासून चार-पाच मीटर मागे उभा राहिला, तर पुढचा पडल्यावर ताणलेला दोर सर्वांत खालचा नट बाहेर आणि वर ओढतो. तो निघाला की त्याच्या वरचा, मग त्याच्या वरचा. म्हणून भिंतीला लागून उभं राहायचं, आणि सर्वांत खाली कोणत्याही दिशेचा ओढा सहन करील असा कॅम लावायचा. पहिल्या पाच-सहा मीटरांत दर दीड मीटरला काहीतरी लावा. त्या उंचीवरून पडणारा माणूस थेट जमिनीवर येतो.

वरून दोर लावताना कशाची काळजी घ्यायची?

वाटेच्या माथ्यावर कायमच्या बसवलेल्या लोखंडी कड्यांतून दोर थेट ओवून दिवसभर सगळ्यांना उतरवू नका. दोरावरची धूळ ते लोखंड झिजवते. स्वतःचे दोन कॅराबिनर, तोंडं उलटसुलट करून लावा. कड्या फक्त शेवटच्या माणसाने वापरायच्या. त्याची पद्धत अशी:

१. स्लिंगने स्वतःला दोन्ही अँकरना, म्हणजे माथ्यावरच्या पक्क्या आधारांना, लावून घ्या. बिले चालूच ठेवायला सांगा.
२. दोराचा दुपदरी फास कड्यांतून ओवा, त्यावर आठाची गाठ मारा, लॉक होणाऱ्या कॅराबिनरने हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) बिले लूपला, म्हणजे पुढच्या मजबूत वेढ्याला, लावा.
३. बिले देणाऱ्याला दोर ताणायला सांगा आणि त्यावर पूर्ण वजन टाकून पाहा.
४. मगच मूळची गाठ सोडा, मोकळं टोक कड्यांतून ओढून घ्या, आपले कॅराबिनर आणि स्लिंग काढा.

तिसरी पायरी कधीही गाळू नका. दोर कुठे धारेवरून जात असेल तर अँकर लांब स्लिंगने कडेच्या खाली आणा. खाणीतल्या कडा फोडलेल्या आहेत, पाण्याने गुळगुळीत झालेल्या नाहीत. ताणलेला दोर तिथे घासला तर कापला जातो.

मित्र माझ्यापेक्षा पंचवीस किलो जड आहे. मी बिले देऊ का?

वरून दोर असेल तर स्वतःला मागे जमिनीला बांधून देता येईल. तो पुढे चढत असेल तर जोडी बदला. वजनाच्या फरकासाठी दोराला अडवणारं जे साधन मिळतं, ते पहिल्या बोल्टमध्ये लावायचं असतं. नट-कॅमच्या वाटेवर त्याचा उपयोग करू नये, खालचं साहित्य ते वर ओढतं.

आरोळ्या कोणत्या द्यायच्या?

खाणीत आवाज घुमतो आणि शेजारी चार जोड्या जर्मनमध्ये ओरडत असतात. मराठी आरोळ्यांचा इथे मोठा फायदा आहे, कारण त्या फक्त तुमच्याच असतात. प्रत्येक आरोळीआधी नाव घ्या. ‘ढील’, ‘ताण’, ‘थांब’, ‘उतरव’ एवढ्या चार पुरतात. ‘उतरव’ आणि ‘मी स्वतः उतरतो’ यांत गफलत झाली की बिले सुटलेला माणूस दोरावर वजन टाकतो. कोण कसा उतरणार हे जमिनीवर असतानाच ठरवा. वरून काही पडलं तर मात्र जर्मनमध्येच ओरडा: ‘श्टाइन!’ म्हणजे दगड.

हेल्मेट खरंच लागतं का?

हो. खाणीच्या वरच्या कडेवर माती, झाडांची मुळं आणि सुटे दगड असतात. बिले देणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, आणि भिंतीखाली बसून डबा खाणाऱ्यालाही. डबा खायला भिंतीपासून लांब बसा.

बंदी असलेले भाग कसे ओळखायचे?

खाणीतल्या पाट्या वाचा. पक्ष्यांच्या विणीच्या काळात काही भिंती बंद असू शकतात आणि ते दरवर्षी बदलू शकतं, मागच्या वर्षीच्या माहितीवर जाऊ नका. मायन आणि मेंडिगच्या जुन्या बेसॉल्ट खाणींच्या बोगद्यांत हजारो वटवाघळं हिवाळा काढतात. बोगदा उघडा दिसला तरी आत जायचं नाही. थंडीत झोपमोड झालेलं वटवाघूळ साठवलेली चरबी खर्चून बसतं आणि वसंतापर्यंत तगत नाही. खाणीत तंबू आणि शेकोटी नको. शौचाची सोय गावातच उरकून या.

सरोवरात पोहता येतं का? मुक्काम कुठे?

पोहायचं ते काठावरच्या कॅम्पिंगच्या जागेत, इतर काठ संरक्षित आहे. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारसाठी तिथली जागा बरीच आधी राखून ठेवा. तंबू नको असेल तर मेंडिग आणि मायनमध्ये साध्या खोल्या मिळतात. टेप काढल्यावर सोललेल्या हाताला पाणी झोंबतं, पण दुखऱ्या खांद्यांना बरं वाटतं.

खाण्यापिण्याचं काय?

जर्मनीत रविवारी किराणा दुकानं बंद असतात. शनिवारी संध्याकाळी दोन्ही दिवसांचं सामान घेतलं नाही तर रविवारी पंचाईत होते. खाणीत नळ नाही, माणशी अडीच लिटर पाणी न्या. दशम्या, चटणी, उकडलेली अंडी, गूळ-शेंगदाणे असं कोरडं आणि हाताने खाता येईल ते बरं. चमचा-वाटी लागणारं काही नको, हात टेपलेले असतात.

पाऊस लागला तर, किंवा गटात न चढणारे असतील तर?

मेंडिगमध्ये जमिनीखाली सुमारे ३० मीटरवर लाव्हाची तळघरं आहेत. खाणकामगारांनी खालून दगड काढला आणि पुढे तिथल्या थंडाव्यात बिअर साठवली गेली. खांबांचे बुंधे खालून बघायला मिळतात, चढणाऱ्याने तर आवर्जून पाहावं. आत ऐन उन्हाळ्यातही स्वेटर लागतो. सरोवराकाठी मारिया लाख हा १०९३ साली स्थापन झालेला मठ आहे. सरोवराची प्रदक्षिणा साधारण आठ किलोमीटरची, लहान मुलांनाही झेपणारी. आंडरनाखला थंड पाण्याचा गीझर आहे, साठेक मीटर उंच उसळतो. त्याच्यामागेही तोच कार्बन डायऑक्साइड.

अपघात झाला तर?

११२ वर फोन. ‘एट्रिंगर लाय, एट्रिंगन, मायनजवळ’ असं सांगा आणि फोनवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवा. एकाला रस्त्यावर पाठवा, रुग्णवाहिकेला खाणीची वाट दाखवायला. हार्नेसमध्ये निपचित लटकलेल्या माणसाला शक्य तितक्या लवकर जमिनीवर आणा. पायांत रक्त साचून काही मिनिटांतच त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. जर्मन अल्पाइन क्लबच्या सदस्यत्वात बचावकार्याचा विमा असतो. जर्मनीत राहून नियमित चढणाऱ्याने तो घ्यावा.